परदेशवारी आणि फोटोंच्या मुक्कामाची सोय

बेळगावातून कुणी परदेशी निघालं की घरात याद्या सुरू होतात. व्हिसाचे कागद, फॉरेक्स कार्ड, गोळ्या-औषधं, थंडीचे कपडे, जर्मनीतल्या लेकासाठी कुंदा आणि शेंगदाण्याची चटणी. कुंदा हातातल्या बॅगेत न्यायचा की चेक-इनमध्ये टाकायचा, यावर शहापूरच्या आत्यापासून भाग्यनगरच्या मामांपर्यंत सगळ्यांचं मत घेतलं जातं. फोटोंचा विषय निघतो तो अगदी शेवटी, बॅगांचं वजन करून झाल्यावर, आणि तोही एका प्रश्नात: "६४ची चिप पुरंल की ओ?"

६४ जीबीचं मेमरी कार्ड पुरेल कदाचित. नाही पुरली तर कार्ड दुबईतही मिळतं आणि झुरिकमध्येही. चार पैसे जास्त जातील. पण कॅमेरा टॅक्सीत राहिला, पॅरिसच्या मेट्रोत खिशातला फोन गेला किंवा कार्ड अचानक वाचता येईना झालं, तर आठ दिवसांचे फोटो कुठल्याच दुकानात विकत मिळत नाहीत. जागा किती लागेल हे गणित आपण करूच, ते सोपं आहे. खरं काम असतं रोज रात्रीचं. आजचे फोटो झोपण्याआधी अशा दोन जागी गेले पाहिजेत, ज्या एकाच वेळी हरवणार नाहीत. कॅमेऱ्यातलं कार्ड आणि त्याच बॅगेतली हार्ड डिस्क या दोन जागा नव्हेत. बॅग गेली की दोन्ही गेल्या.

जागेचं गणित

१२ मेगापिक्सेलचा मोबाइल फोटो साधारण २ ते ४ एमबीचा असतो. नव्या फोनमध्ये ५० मेगापिक्सेल चालू ठेवलं तर तो १० एमबीच्या पुढेही जातो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा चांगल्या दर्जाचा जेपेग (दाबून लहान केलेली नेहमीची फोटो फाइल) १० एमबीच्या आसपास, आणि रॉ फाइल (सेन्सरने पाहिलेलं सगळं जसंच्या तसं, नंतर संगणकावर सुधारायला सोयीची) २५ ते ३० एमबीची.

व्हिडिओचा हिशेब मिनिटावर चालतो. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्येच हे आकडे लिहिलेले आहेत. नव्या (हाय एफिशियन्सी) फॉरमॅटमध्ये १०८०पी (फुल एचडी), सेकंदाला ३० फ्रेमला, म्हणजे ३० चित्रांना, मिनिटाला सुमारे ६० एमबी, ४के (त्याहून चौपट बारकाव्याचं) ३० फ्रेमला १७० आणि ४के ६० फ्रेमला ४०० एमबी. वेगळ्या कॅमेऱ्यांत ४के चित्रणाचा दर बऱ्याचदा सेकंदाला १०० मेगाबिट असतो (८ मेगाबिट म्हणजे १ एमबी), म्हणजे मिनिटाला ७५० एमबी आणि तासाला ४५ जीबी.

समजा टिळकवाडीतले काका-काकू १० दिवस युरोपला निघालेत. दोघांकडे फोन, आणि काकांकडे शिवाय २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा. प्रत्येक फोनवर दिवसाला १५० फोटो, ३ एमबीने ४५० एमबी. १० मिनिटं ४के व्हिडिओ, १.७ जीबी. एका फोनचे दिवसाला सव्वादोन जीबीच्या आत, सहलीचे साधारण २२. कॅमेऱ्याचे दिवसाला २०० फोटो म्हणजे २ जीबी, सहलीचे २०. काकांनी रॉ आणि जेपेग दोन्ही चालू ठेवलं, तर तेच २० वाढून ७०-८०च्या घरात जातात.

या आकड्यांत एक गोष्ट नजरेत भरते. १० मिनिटांच्या व्हिडिओला साडेपाचशेहून जास्त फोटोंची जागा लागते. त्यामुळे जागा वाचवायची तर फोटो कमी काढायची गरज नाही. काकूंना मनसोक्त काढू द्या. व्हिडिओ मात्र निवडून घ्या. घरच्या टीव्हीवर बघायचे चार प्रसंग ४केमध्ये, आणि बाकी गाइडचं बोलणं, बाजारातली गंमत १०८०पीमध्ये. बसच्या काचेतून घेतलेला आल्प्सचा वीस मिनिटांचा व्हिडिओ नंतर कुणीही बघत नाही, घेणारासुद्धा.

दुसऱ्याचे आकडे वापरण्यापेक्षा आपली सवय मोजलेली बरी. एखाद्या रविवारी राजहंसगडावर किंवा गोकाकच्या धबधब्यावर जा, नेहमीसारखे फोटो काढा, आणि सकाळी व संध्याकाळी फोनचं स्टोरेज किती भरलंय ते बघा. फरकाला सहलीच्या दिवसांनी गुणा आणि आलेल्या आकड्याच्या दीडपट जागा ठेवा. नवीन गावात हात नेहमीपेक्षा सैल सुटतो.

आणि हो, ६४ जीबीचं कार्ड संगणकाला लावलं की ५९.६ जीबीच दिसतं. दुकानदाराने फसवलेलं नसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या. १२८चं कार्ड ११९ दाखवतं. हिशेब या दुसऱ्या आकड्यावर करा.

कार्डावरची अक्षरं

दुकानात मराठीत विचारा की कन्नडमध्ये, कार्डावरची बारीक अक्षरं सगळ्यांनाच सारखं कोडं घालतात. त्यातली निम्मी आपल्या कामाची नसतात.

एसडीएचसी म्हणजे ३२ जीबीपर्यंतचं कार्ड, एसडीएक्ससी म्हणजे त्यापुढे २ टीबीपर्यंतचं (१ टीबी म्हणजे हजार जीबी). जुना कॅमेरा एक्ससी कार्ड घेत नसेल, तर ते कितीही महाग असलं तरी आत चालणार नाही. कॅमेऱ्याचं माहितीपत्रक आधी बघा. ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ या पद्धतीने लिहिली जातात आणि तिथे एक फाइल ४ जीबीहून मोठी होऊ शकत नाही. म्हणून लांब व्हिडिओचे कॅमेरा आपणहून तुकडे करतो. घाबरू नका, आणि त्यातला एखादा तुकडा नकोसा समजून उडवूही नका.

वेगाचे आकडे जरा फसवे. कार्डावर ठळक छापलेला १७० किंवा २०० एमबी हा बहुधा वाचायचा वेग असतो, तोही योग्य कार्ड रीडर असेल तर. व्हिडिओ घेताना कामाला येतो तो न थांबता लिहायचा किमान वेग, आणि तो लहान चिन्हात लपलेला असतो. सी अक्षरात १० असेल तर सेकंदाला किमान १० एमबी, यू अक्षरात ३ असेल तर ३०, व्हीपुढे ३०, ६० किंवा ९० असेल तर तेवढेच. १०० मेगाबिटच्या ४के व्हिडिओला सेकंदाला साडेबारा एमबी लागतात, म्हणजे व्ही३० कार्ड पुरून उरतं. व्ही९०साठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजायचे ते लग्नं शूट करणाऱ्यांनी. सहलीला त्याची गरज नाही. ए१, ए२ ही चिन्हं फोनमध्ये ॲप चालवण्यासाठी आहेत, कॅमेऱ्याला त्यांचं काही नाही.

तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये मायक्रो एसडीची जागा असेल (आता बऱ्याच फोनमध्ये नसतेच), तर नवीन कार्ड घातल्यावर काही फोन विचारतात की कार्ड फोनच्या आतल्या स्टोरेजसारखं वापरायचं की पोर्टेबल. पोर्टेबलच निवडा. पहिला पर्याय घेतला की कार्ड त्या एकाच फोनशी कुलूपबंद होतं. फोन बिघडला, तर तेच कार्ड दुसरीकडे लावून फोटो निघत नाहीत.

नकली कार्डांबद्दल जरा थांबून सांगायला हवं. काहीशे रुपयांत १ टीबी कुणी देत असेल तर ते १ टीबी नसतं. आत ८ किंवा १६ जीबीची चिप असते आणि फोनला खोटा आकडा सांगितलेला असतो. पहिले दोन-तीन दिवस सगळं ठीक चालतं. खरी जागा भरली की नवे फोटो जुन्यांवर लिहिले जातात किंवा कोरेच राहतात. यादीत नावं सगळी दिसतात, उघडायला गेलं की काही नाही. म्हणून कार्ड पावती आणि वॉरंटीसह, अधिकृत विक्रेत्याकडून, निघायच्या निदान दोन आठवडे आधी घ्या, आणि रिकामं असतानाच तपासा. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि मॅक-लिनक्सवर एफ३ हे फुकट प्रोग्रॅम कार्ड पूर्ण भरून, परत वाचून ताळा करतात. मोठ्या कार्डाला काही तास लागतात. रात्री लावून झोपा.

एक मोठं की तीन लहान?

सगळी सहल एकाच २५६च्या कार्डावर नको. ते बिघडलं तर सगळंच जातं. ३२ची आठ कार्डंही नकोत; नखाएवढी वस्तू हॉटेलच्या गालिच्यावर पडली की सापडत नाही, आणि कुठलं भरलेलं, कुठलं रिकामं याचा घोळ होतो. माझ्या मते सहलीच्या कॅमेऱ्याला ६४ची दोन-तीन, किंवा रॉ काढणाऱ्याला १२८ची दोन-तीन कार्डं योग्य. प्रत्येकावर मार्करने १, २, ३ लिहा. भरलेल्या कार्डाचं बाजूचं लहान बटण लॉककडे सरकवा, म्हणजे चुकून त्याच्यावर काही लिहिलं जाणार नाही. भरलेली कार्डं कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवू नका. काकांचा कॅमेरा, तर भरलेली कार्डं काकूंच्या पर्समध्ये. शहर बदललं की कार्ड भरलेलं नसलं तरी बदला, ही एक चांगली सवय. एखादं गेलंच तर एका गावाचेच फोटो जातात.

कॅमेऱ्यात कार्डाच्या दोन जागा असतील तर सेटिंग तपासा. बऱ्याच कॅमेऱ्यांत पहिलं भरलं की दुसऱ्यावर लिहायचं, असा पर्याय निवडलेला असतो. तो बदलून प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर, असा करा. एक कार्ड बिघडलं तरी चिंता नाही. चोरीपासून मात्र याने काही वाचत नाही, दोन्ही कार्डं एकाच कॅमेऱ्यात आहेत.

कार्ड फॉरमॅट करायचं, म्हणजे पुसून कोरं करायचं, ते कॅमेऱ्यातच, संगणकावर नको. आणि प्रत्येक कार्डावरचा पहिला फोटो काढायचा तो एका कागदाचा, ज्यावर आपलं नाव, ईमेल आणि देशाच्या कोडसह फोन नंबर लिहिलाय. कुणा भल्या माणसाला कार्ड सापडलं तर परत करायला त्याच्याकडे पत्ता हवा.

कॅमेऱ्याचं घड्याळही निघण्याआधी जुळवा. फोन आपणहून स्थानिक वेळ घेतो, कॅमेरा घेत नाही. दुबई आपल्या दीड तास मागे, स्वित्झर्लंड उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार. घड्याळ तसंच राहिलं तर घरी येऊन दोघांचे फोटो एकत्र लावताना काकांच्या कॅमेऱ्यातला नाश्ता आणि काकूंच्या फोनमधलं दुपारचं जेवण शेजारी-शेजारी येतं. हजारभर फोटोंची वेळ नंतर दुरुस्त करता येते, पण कंटाळवाणं काम आहे.

रोज रात्रीचं अर्ध्या तासाचं काम

फोटोग्राफीत ३-२-१ नावाचा नियम प्रसिद्ध आहे. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने तो रूढ केला: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. घरी परतल्यावर तो पूर्ण पाळता येतो. प्रवासात तीन प्रतींचा हट्ट धरला तर माणूस दुसऱ्या रात्रीच कंटाळून सोडून देतो. म्हणून प्रवासात दोनच, पण रोज, आणि वेगळ्या जागी.

लॅपटॉप नेत असाल तर प्रश्नच नाही. नसाल, तर आता बहुतेक फोनना एक लहान कार्ड रीडर आणि खिशात मावणारी एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क) जोडता येते. आयफोनला १५ क्रमांकापासून, म्हणजे २०२३पासून, सी-टाइपचं तोंड आहे. त्याआधीच्यांना वेगळा ॲडॉप्टर लागतो. जुनी फिरत्या चकतीची हार्ड डिस्क फोनच्या बॅटरीवर बऱ्याचदा चालत नाही आणि पडली तर मरते. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. मात्र ती फोनला ओळखता येईल अशा पद्धतीने, शक्यतो एक्सफॅटमध्ये, फॉरमॅट केलेली हवी. संगणकावर एनटीएफएसमध्ये केलेली डिस्क बरेच फोन वाचत नाहीत. हे सगळं जोडून घरीच एकदा करून बघा. व्हेनिसच्या हॉटेलात रात्री अकरा वाजता केबल कुठली हा शोध लावायचा नसतो.

कॉपी करताना तारखेचा फोल्डर करा आणि त्यात कार्डाचा नंबर घाला: वर्ष, महिना, दिवस, कार्ड २. याला कारण आहे. कॅमेरा फोटोंना नंबराने नावं देतो आणि ९९९९नंतर पुन्हा १पासून सुरू करतो. दोन कार्डांवर किंवा दोन कॅमेऱ्यांत एकाच नावाचे फोटो असू शकतात. ते एका फोल्डरमध्ये टाकताना रिप्लेस दाबलं की आधीचा फोटो गेला. वेगळे फोल्डर असले की हा प्रश्न येतच नाही. मूव्ह नको, कॉपी करा; झाल्यावर फायलींची संख्या आणि एकूण आकार जुळतो का बघा, आणि शेवटचा फोटो व एखादा व्हिडिओ एसएसडीवरून उघडून बघा. कॉपी अर्धवट राहिली असेल तर बहुधा शेवटच्या फायलीतच कळतं.

दिवा लुकलुकत असताना कार्ड किंवा केबल ओढू नका. कार्डावर फोटोंसोबत एक यादीही असते, कुठला फोटो कुठे आहे याची. लिहिणं चालू असताना वीज तुटली की बिघडते ती यादी. फोटो आत असतात, पण सापडत नाहीत. याचीच दुसरी, दिलाशाची बाजू अशी की चुकून डिलीट मारलं किंवा कार्ड फॉरमॅट झालं, तरी बऱ्याच वेळा फक्त यादी पुसलेली असते. त्या क्षणी ते कार्ड काढून बाजूला ठेवा आणि त्यावर एकही नवा फोटो काढू नका. घरी आल्यावर फोटोरेकसारख्या फुकट प्रोग्रॅमने बरेच फोटो परत मिळू शकतात. नवा फोटो वर लिहिला गेला की तेवढी जागा कायमची गेली.

कॅमेऱ्यातून वायफायने फोनवर आलेले फोटो म्हणजे बॅकअप असं धरू नका. निकॉनच्या स्नॅपब्रिज ॲपमध्ये आपोआप येणारे फोटो २ मेगापिक्सेलचे असतात. स्टेटसला ठीक, भिंतीवर लावायला नाही. तसंच आपलं व्हॉट्सॲप. "ग्रुपवर टाकलंय की सगळं, आणि काय पाहिजे?" असं म्हणणारा घरात एक तरी असतोच. व्हॉट्सॲप फोटो लहान करतं, एचडी निवडलं तरी मूळ आकार राहत नाही, आणि फोटोसोबतची वेळ व ठिकाणाची माहितीही काढून टाकतं. मूळ फाइल पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

हॉटेलात विजेचा सॉकेट बहुधा एकच सोयीचा असतो. घरचा तीन खाचांचा एक्स्टेन्शन बोर्ड आणि त्या देशाचा एकच प्लग ॲडॉप्टर नेला की फोन, कॅमेरा आणि रीडर सगळ्यांचं भागतं.

क्लाउड: वायफाय किती, आणि जागा किती

गूगलच्या एका खात्याला १५ जीबी फुकट मिळतात. ते जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज अशा तिघांत मिळून आहेत. अमर्याद फुकट फोटोंची सोय १ जून २०२१पासून बंद झाली. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता याच १५ जीबीत मोजला जातो, त्यामुळे अनेकांची जागा रोजच्या सुप्रभात संदेशांनीच भरलेली असते. आयक्लाउडवर तर फुकट जागा ५ जीबीच. निघायच्या आधी एक संध्याकाळ ही सफाई करा. जागा पूर्ण भरली तर जीमेलवर नवे मेल येणंही थांबतं, आणि त्यातच हॉटेलचं बुकिंग आणि विमानाच्या वेळेतला बदल येणार असतो.

आता काका-काकूंचा दिवस परत घेऊ. दोन फोन आणि कॅमेरा मिळून ६.३ जीबी. हॉटेलच्या वायफायचा वर पाठवायचा वेग ५ मेगाबिट मिळाला, तर हे चढायला पावणेतीन तासांहून जास्त लागतील. २ मेगाबिट मिळाला तर सगळी रात्र. शिवाय बऱ्याच हॉटेलांचं वायफाय थोड्या वेळाने परत लॉगिन मागतं आणि सकाळी उठून बघावं तर अर्धंच काम झालेलं. पण फक्त दोन्ही फोनमधले फोटो, व्हिडिओ सोडून, ०.९ जीबी आहेत, आणि ते त्याच वायफायवर पंचवीस मिनिटांत चढतात. तेव्हा फोटो क्लाउडवर, व्हिडिओ आणि कॅमेऱ्याचं सगळं एसएसडीवर, ही वाटणी जमते. गूगल फोटोजमध्ये आपोआप बॅकअप बंद ठेवून, दिवसाचे फोटो निवडून बॅकअप दाबता येतं. १० दिवसांचे एका फोनचे फोटो साडेचार जीबीच होतात, म्हणजे सफाई केलेल्या फुकट खात्यातही मावतात.

गूगल फोटोजमध्ये बॅकअपचा दर्जा म्हणून स्टोरेज सेव्हर निवडलं तर १६ मेगापिक्सेलहून मोठे फोटो तेवढे लहान केले जातात आणि व्हिडिओ १०८०पीवर येतो. घरी एसएसडीवर मूळ प्रत असेल तर प्रवासापुरतं हे चालून जातं. एकमेव प्रत क्लाउडवरच राहणार असेल तर ओरिजिनल क्वालिटीच ठेवा.

रोमिंगमध्ये बॅकअपचं बटण बंद आहे ना, हे विमानात बसण्याआधी बघा. गूगल फोटोजमध्ये मोबाइल डेटाचं आणि रोमिंगचं अशी वेगळी सेटिंग आहेत. दिवसाला ठरावीक डेटा देणारा पॅक एका दुपारच्या व्हिडिओत संपू शकतो, आणि मग रस्ता दाखवणारा नकाशाही थांबतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे: गूगल फोटोज आणि आयक्लाउड फोटोज ही कपाटं नव्हेत, आरसे आहेत. फोन भरला म्हणून गूगल फोटोजमधून फोटो उडवला, की तो क्लाउडवरूनही उडतो. बॅकअप झालेला फोटो गूगलच्या कचरापेटीत ६० दिवस राहतो, ॲपलच्या पेटीत साधारण ३० दिवस, मग कायमचा जातो. फोनमधली जागा मोकळी करायची तर फ्री अप स्पेस हा वेगळा पर्याय वापरा. तो बॅकअप झालेल्या फोटोंची फक्त फोनमधली प्रत काढतो. तोही मी प्रवासात टाळायला सांगेन. घरून निघतानाच फोन रिकामा केला तर वाटेत काही उडवायची वेळ येत नाही.

घरी राहिलेल्यांनाही या कामात घ्या. एक शेअर अल्बम करून अनगोळच्या सुनेला किंवा खानापूरच्या भावाला त्यात जोडा. रात्री "फोटो आले काय गं?" एवढं विचारलं की खरंच चढले का याची खात्री होते; आपल्या फोनच्या स्क्रीनवर दिसणं म्हणजे चढणं नव्हे. खानापूर-कणकुंबीच्या बाजूला रेंज कमी असेल तर उत्तर सकाळी येईल, चालेल.

ओटीपीचा अडसर

हा भाग बहुतेक याद्यांत नसतो. फोन चोरीला गेला. फोटो क्लाउडवर आहेत म्हणून आपण निश्चिंत. लेकाच्या फोनवर खातं उघडायला गेलो तर गूगल ओटीपी पाठवतं, आणि तो जातो चोरीला गेलेल्या फोनमधल्या आपल्या सिमवर. किंवा फोन आहे, पण इथलं सिम काढून तिथलं घातलंय, तेव्हाही तेच. फोटो सुरक्षित असतात, फक्त आपल्यालाच आत जाता येत नाही.

उपाय फुकट आहे. गूगल खात्याच्या सुरक्षा सेटिंगमध्ये टू-स्टेप पडताळणी चालू केली की बॅकअप कोड मिळतात, आठ अंकी दहा कोड, प्रत्येक एकदाच चालणारा. ते कागदावर लिहून एक प्रत जोडीदाराच्या पाकिटात आणि एक घरी ठेवा. फोनमध्ये त्याचा फोटो काढून ठेवण्यात काही अर्थ नाही. पासवर्डही पाठ आहे का बघा. रोज बोटाच्या ठशाने उघडणाऱ्यांना तो आठवतोच असं नाही.

परतीचा प्रवास

विमानतळाच्या एक्स-रेने मेमरी कार्ड बिघडत नाही. त्याचा धोका जुन्या फिल्मच्या रोलला होता. कार्डं आणि एसएसडी चेक-इनच्या बॅगेत मात्र टाकू नका, आणि पॉवर बँक तर नियमानेच हातातल्या बॅगेत न्यावी लागते. एक प्रत काकांकडे, एक काकूंकडे.

बेळगावकरांचं दुखणं यापुढे सुरू होतं. सांबऱ्याला, आपल्या विमानतळावर, परदेशातून थेट विमान नाही. मुंबईला, बेंगळुरूला किंवा गोव्यात मोपाला उतरायचं आणि पुढे बस, रेल्वे किंवा चोर्ल्याच्या घाटाने गाडी. इमिग्रेशन झालं, आपली भाषा कानावर पडली, की माणूस घरी पोचल्यासारखा सैल होतो, आणि दहा दिवस छातीशी धरलेली कॅमेऱ्याची बॅग रात्रीच्या बसच्या डिकीत जाते. डिकी वाटेत चार ठिकाणी उघडते. निदान एक प्रत तुमच्यासोबत सीटवर, झोपताना उशाशी असू द्या. रात्री एक-दोनला चहासाठी उतरतानाही ती खिशात हवी.

घरी आल्यावर

दुसऱ्याच दिवशी कार्डं फॉरमॅट करून मोकळं व्हायची घाई नको. आधी सगळं संगणकावर किंवा मोठ्या हार्ड डिस्कवर, मग दुसऱ्या डिस्कवर. टेबलावरचा संगणक असेल तर यूपीएस लावून. पावसाळ्यात कॉपी चालू असताना करंट गेला की काय होतं ते वर सांगितलंच आहे. दोन्ही प्रती उघडून बघितल्या, फायलींची संख्या जुळली, की मगच कार्डं रिकामी करा. तिसरी प्रत क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावात राहणाऱ्या भावंडाच्या घरी, एका डिस्कवर. पैसे भरून क्लाउडची जागा घेतली असेल आणि नंतर बंद केलीत, तर नवं काही चढत नाही, आणि खातं दोन वर्षं मर्यादेच्या वर राहिलं तर गूगल आतलं काढून टाकू शकतं.

मेमरी कार्डातच फोटो ठेवून ते कपाटात टाकायचं असंही काही जण करतात. कार्डाच्या आत फोटो म्हणजे लहान-लहान कप्प्यांत अडकवलेला विजेचा भार असतो, आणि वर्षानुवर्षं वीज न मिळाल्यास तो हळूहळू गळतो. एसएसडीचंही तेच आहे. वर्षानुवर्षं साठवायला फिरत्या चकतीची हार्ड डिस्कच अजून बरी, पण तीही वर्षातून एक-दोनदा जोडा, चार फोल्डर उघडून बघा आणि सहा-सात वर्षांत नवीवर उतरवा.